मंत्री कुठे शिकले, कुठून आले? जगभरची मंत्रिमंडळं धुंडाळताना

गोदाकाठची

मंडळी, एक मोठं काम अंगावर घेतलंय. भाची इथे नाशकातच राज्यशास्त्रात एमए करतेय. प्रबंधाचा विषय: निरनिराळ्या देशांतले मंत्री काय शिकले आणि कुठल्या सामाजिक थरातून आले. मार्गदर्शकांनी "देश कमी कर" एवढंच सांगून मंजुरी दिली. मी आयुष्यभर ग्रंथपालाची नोकरी केलेली, त्यामुळे माहिती जमवायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

सुरुवातीला सोपं वाटलं. एक्सेलमध्ये नाव, देश, खातं, पदवी, विद्यापीठ असे रकाने केले आणि नमुन्यादाखल १९४७चं आपलं पहिलं मंत्रिमंडळ भरायला घेतलं. डॉ. आंबेडकर, कायदा खातं: कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन (बॅरिस्टरी). राजकुमारी अमृत कौर, आरोग्य खातं: इंग्लंडमधली शाळा, मग ऑक्सफर्ड. तक्त्यात दोघं शेजारी शेजारी, दोघांपुढे "परदेशी उच्चशिक्षण". एकीचा जन्म कपूरथळ्याच्या राजघराण्यातला. दुसरे शाळेत वर्गाबाहेर बसलेले आणि बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेले. माझ्या तक्त्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच मंत्रिमंडळात मौलाना आझाद. शिक्षण घरीच झालं, विद्यापीठाची पदवी नाही, म्हणून रकाना रिकामा. आणि हे गृहस्थ १९५८ साली जाईपर्यंत देशाचे शिक्षणमंत्री!

तेव्हा तीन प्रश्न. मंत्री कोणाला धरायचं? माहिती भरवशाची कुठे मिळते? आणि "सामाजिक पार्श्वभूमी" या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

मिरचीभजी

आधी आमच्या प्रभागाच्या माजी नगरसेवकाची दहावीची गुणपत्रिका शोधून दाखवा, मग जगाकडे वळू. :)
(वाचनखूण साठवली आहे. वाचतोय.)

सातपूरकर

ताई, पहिल्या प्रश्नावरच बरेच प्रकल्प आपटतात. स्वित्झर्लंडची फेडरल कौन्सिल म्हणजे मोजून सात माणसं. आपल्याकडे ९१व्या घटनादुरुस्तीनंतर (२००३) सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे २८८च्या महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३. ब्रिटनमध्ये कॅबिनेटची वीस-बावीस माणसं आणि त्याखाली कनिष्ठ मंत्र्यांची फौज, सगळे मिळून शंभरावर जातात. सगळ्यांना एका मापाने मोजलंत तर ब्रिटनच तुमचा तक्ता खाऊन टाकेल. फक्त कॅबिनेट दर्जाचे घ्या.

आणखी एक खाच. अमेरिकेत काँग्रेसचा सदस्य असताना मंत्री होता येत नाही, घटनेतच मनाई आहे. त्यामुळे तिथे वकील, प्राध्यापक, कंपन्यांचे प्रमुख थेट मंत्री होतात. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहात यावंच लागतं. म्हणजे निवडून येण्याची चाळणी आधीच लागलेली. "अमेरिकेचे मंत्री जास्त शिकलेले" असा निष्कर्ष काढण्याआधी हे लक्षात ठेवा. चीनचं तर आणखी वेगळं, खरी सत्ता मंत्र्यांच्या यादीत नाहीच, पक्षाच्या पॉलिटब्यूरोच्या स्थायी समितीत आहे. २००२मध्ये त्या समितीवर आलेले नऊच्या नऊ जण इंजिनिअर होते. हू जिंताओ जलविद्युतवाले, वन जियाबाओ भूगर्भशास्त्रातले.

तयार माहितीबद्दल: 'हूगव्ह' नावाचा संच आहे, अभ्यासकांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेला. १७७ देश, १९६६ ते २०१६, पन्नास हजारांवर मंत्री. मूळ आधार गमतीशीर आहे: सीआयए परदेशी सरकारांच्या प्रमुखांची आणि मंत्र्यांची यादी वर्षानुवर्षं छापत आली, तीच या लोकांनी संगणकात भरली. दरवर्षीचा जुलै महिना धरलाय. पुढे त्यातल्याच काहींनी 'पाथ्स टू पॉवर' हा संच केला, त्यात शिक्षण आणि आधीचा व्यवसायही आहे. शून्यातून सुरू करू नका, यांच्यावर उभ्या राहा.

निरंक

मी निवडणूक शाखेत बरीच वर्षं काढली. उमेदवारी अर्जांच्या दिवसांत जिल्हाधिकारी कार्यालयात जी झुंबड उडते तिच्यात टेबलापलीकडे बसलेला माणूस, म्हणजे मी. म्हणून भारतापुरतं बोलतो.

नमुना २६ चं शपथपत्र हे तुमचं सोनं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांनी ते आलं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण. शिक्षणाच्या रकान्यात सर्वोच्च पदवीचं पूर्ण नाव, संस्था आणि पूर्ण केल्याचं वर्ष, तिन्ही लिहावं लागतं. रकाना कोरा सोडता येत नाही, काही नसेल तर "निरंक" लिहायचं. (माझ्या नावाचा उगम तोच.) ही सगळी शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि एडीआर ही संस्था त्यांचं संकलन करते.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, निवडणूक निर्णय अधिकारी शपथपत्र पूर्ण आहे का ते बघतो, खरं आहे का ते बघत नाही. खोटं निघालं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यासाठी कोणीतरी कोर्टात जायला हवं. दोन, पदवीपेक्षा तिच्यापुढचं वर्ष वाचा. माणूस पंचेचाळिशीचा, दोनदा निवडून आलेला आणि बीए परवाचं. आपल्याच गंगापूर धरणाच्या वाटेवर मुक्त विद्यापीठ १९८९पासून उभं आहे. तिथे पूर्वी बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी करून पदवीला बसता यायचं. अशा पदवीला मी कमी लेखत नाही. रात्री अभ्यास करून पदवी घेणारे कारकून मी शेजारच्या टेबलावर पाहिलेत. पण तिला आमदार झाल्यावरची पदवी म्हणूनच नोंदवा. त्या पदवीने त्याला राजकारणात आणलेलं नाही.

जुन्या मंत्र्यांसाठी भाचीला आमची भाषा शिकवा: व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवी, आणि ती झालेला माणूस त्या काळी शाळामास्तर व्हायचा. जुनी अकरावी म्हणजे मॅट्रिक. इंटर म्हणजे कॉलेजची दोन वर्षं. १९३५ सालचा "फायनल पास" आणि आजचा सातवी नापास एका खणात टाकलात तर सगळं गणितच विस्कटेल.

राइनकाठ

मूळ पंचवटीचा, मुक्काम जर्मनी. निरंककाका म्हणतात ते खरं-खोटं बघायला आमच्याकडे हौशी लोक बसलेत. २०११मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांचा कायद्यातला डॉक्टरेटचा प्रबंध लोकांनी एका विकीवर पानागणिक तपासला, उचलेगिरीची यादी वाढतच गेली आणि १ मार्चला त्यांना जावं लागलं. त्यांच्याबद्दल जाहीरपणे लाज वाटल्याचं सांगणाऱ्या शिक्षणमंत्री आनेटे शावान यांचीच डॉक्टरेट ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाने २०१३मध्ये काढून घेतली. प्रबंधाचा विषय होता व्यक्ती आणि सद्सद्विवेक! २०२१मध्ये कुटुंबकल्याण मंत्री गिफाय याच कारणाने गेल्या. हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष श्मिट २०१२मध्ये.

नावामागचं 'डॉ.' इकडे दाराच्या पाटीवर, पासपोर्टात येतं, म्हणून ते मिळवायची धडपड. पण प्रबंधासाठी याहून उपयोगी गोष्ट वेगळी आहे. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात. विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम की कारागिरीकडे नेणारी शाळा, ते दहाव्या वर्षी ठरतं आणि त्यात घरच्या परिस्थितीचा हात मोठा असतो. त्यामुळे पीएचडीपेक्षा "दहाव्या वर्षी कुठल्या शाळेत?" हा प्रश्न जास्त बोलतो. अपवाद आहेतच. योश्का फिशर शाळा अर्धवट सोडलेले, फ्रँकफर्टला टॅक्सी चालवलेले, १९९८ ते २००५ परराष्ट्रमंत्री होते. स्वीडनचे लोव्हेन तर वेल्डर, कामगार संघटनेतून वर येऊन २०१४मध्ये पंतप्रधान झाले.

खटपट्या

सगळं वाचलं. पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये: शिकल्याने फरक पडतो का? बेस्ली आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये दाखवलं की उच्चशिक्षित नेत्यांच्या काळात आर्थिक वाढ जास्त होते. लगेच टाळ्या. २०१६मध्ये कार्न्स आणि लुपू यांनी वेगवेगळी माहिती तपासली आणि म्हणाले, पदवीवाले नेते इतरांपेक्षा चांगले ठरत नाहीत.

आपल्याकडचंच बघा. कामराज लहानपणीच शाळेतून बाहेर पडलेले, मद्रासचे मुख्यमंत्री झाल्यावर शाळा आणि मुलांचं दुपारचं जेवण यांवर सगळा जोर लावला. वसंतदादा फारसे शाळेत न गेलेले, आणि १९८३मध्ये विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांचं दार त्यांनीच उघडलं. त्याचं पुढे काय झालं यावर वेगळा धागा काढा, मी भांडायला येतो. पण आज पुणे-बंगलोरला बसलेले आपले अर्धे लोक त्या दारातूनच गेलेत.

पाकिस्तानने २००२मध्ये संसदेसाठी पदवी सक्तीची केली. झालं काय? मदरशांची प्रमाणपत्रं पदवीला समतुल्य ठरली आणि बनावट पदव्यांचा सुळसुळाट झाला. २००८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, तरी बनावट पदव्यांची प्रकरणं नंतर कितीतरी दिवस निघत होती.

निरंक

खटपट्या, आपल्याकडेही आहे की. हरियाणाने सरपंचाला दहावीची अट घातली, बायकांना आणि अनुसूचित जातींना थोडी सवलत देऊन, आणि डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सरपंचाला अट, मंत्र्याला नाही.

इराणचंही घ्या. गृहमंत्री कोर्दान यांनी ऑक्सफर्डची मानद डॉक्टरेट दाखवली, त्या कागदात इंग्रजीच्या चुकाच चुका. ऑक्सफर्डने हात झटकले आणि नोव्हेंबर २००८मध्ये संसदेने त्यांना घरी पाठवलं.

पोटमाळा

लीड्सहून. ब्रिटनवर मी आठवडाभर बोलू शकते, पण थोडक्यात आवरते.

इथे सटन ट्रस्ट ही संस्था प्रत्येक नवं कॅबिनेट आलं की मंत्र्यांच्या शाळा मोजते. विद्यापीठ नंतर, शाळा आधी. देशातली साधारण ७ टक्के मुलं खासगी फीच्या शाळांत जातात. २०२२च्या लिझ ट्रस यांच्या कॅबिनेटमध्ये असे ६८ टक्के होते. एकट्या ईटन शाळेने वीस पंतप्रधान दिलेत. आणि ऑक्सफर्डचा पीपीई (तत्त्वज्ञान, राजकारण, अर्थशास्त्र) हा अभ्यासक्रम म्हणजे मंत्री घडवायचा कारखानाच: पंतप्रधान विल्सन, हीथ, कॅमरन, ट्रस, सुनक. या यादीतल्या विल्सन आणि हीथ यांची घरं मात्र अगदी साधी, हीथ यांचे वडील सुतारकाम करायचे. म्हणजे एकाच अभ्यासक्रमात दोन टोकांची घरं.

मला अडतं ते सीमारेषेवर. पुढे पंतप्रधान झालेले स्टार्मर ज्या रायगेट ग्रामर शाळेत गेले ती ते शिरले तेव्हा सरकारी मदतीवरची होती, आणि ते शिकत असतानाच १९७६मध्ये खासगी झाली. नोंद काय करणार? वडील टूलमेकर, असं ते भाषणात सतत सांगायचे. मग पत्रकारांत वाद, की कारखान्यात नोकरी की स्वतःचा छोटा कारखाना? सातपूर-अंबडच्या लोकांना हा फरक सांगायला नको. टूलरूममध्ये मशीनवर उभा राहणारा आणि त्या टूलरूमचा मालक, दोघंही स्वतःला टूलमेकरच म्हणतात.

आणखी एक: ऑक्सफर्ड-केंब्रिजचं एमए बघून फसू नका. बीए झाल्यावर काही वर्षं गेली की ते परीक्षा न देता मिळतं.

आणि मागे जायचं असेल तर १९४५चं ॲटली मंत्रिमंडळ भाचीला जरूर द्या. ॲटली स्वतः हेलीबरी आणि ऑक्सफर्डचे. परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन अनाथ, अकराव्या वर्षी शाळा सुटलेली. आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेले, १९४८मध्ये एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा उभी करणारे. ही माणसं विद्यापीठातून नव्हे, कामगार संघटनेतून शिकून आली. तो जिना पुढे मोडला. स्टार्मर यांच्या कॅबिनेटमध्ये जवळजवळ सगळे सरकारी शाळांतले, पण ऑक्सफर्ड-केंब्रिजवाले तरीही भरपूर.

पायवाट

निफाड तालुक्यातून. पोटमाळाताईंनी जिना म्हटलं, तोच मुद्दा. आपल्या महाराष्ट्राचं ईटन कुठलं? माझ्या मते बोर्डिंग. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१पासून जातवार वसतिगृहं काढली. नाशकात १९१४ला मराठा विद्या प्रसारकचं काम सुरू झालं, उदोजी बोर्डिंग त्याच सुमाराचं. खेड्यातला मुलगा बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाला, तिथल्या ओळखी आयुष्यभर टिकल्या. मग सोसायटी, साखर कारखाना, १९६२नंतर जिल्हा परिषद, मग आमदारकी. पदवीच्या रकान्यात "बीए" दिसेल. तो कुठे जेवला, कोणाच्या खोलीत राहिला, फी कोणी भरली, ते दिसणार नाही.

यशवंतराव चव्हाणांचंच घ्या. देवराष्ट्र्याचं शेतकरी घर, वडील लहानपणीच गेले. कराडला शाळा, मधे तुरुंग, कोल्हापुरात कॉलेज, १९३८ला बीए, १९४१ला वकिली. संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर १९६३मध्ये लोकसभेवर आपल्या नाशकातूनच बिनविरोध गेले. "बीए एलएलबी" या दोन शब्दांत त्यातलं किती मावतं?

म्हणून मला वाटतं, जात लिहिल्याशिवाय आपल्याकडचा रकाना पुरा होणार नाही. आडनावावरून कळतंच की.

खटपट्या

पहिल्या परिच्छेदाला +१. शेवटच्या वाक्याला कडक विरोध. आडनावावरून काय कळतं? पवार, जाधव, गायकवाड, चव्हाण, मोरे. एकेक आडनाव किती जातींत सापडतं ते नाशिक जिल्ह्याची मतदारयादी चाळली तरी कळेल. अंदाजाने जात चिकटवलेला प्रबंध कोणी वाचू नये.

पायवाट

मग काय, सगळे नुसते "भारतीय" लिहायचे? ब्रिटनमध्ये शाळा मोजतात कारण तिथली दरी शाळेत आहे. आपली दरी जिथे आहे तीच मोजायची नाही, ही कुठली शास्त्रीयता?

निरंक

दोघांच्या मधला रस्ता कागदावर आहे. राखीव जागेवरून लढणाऱ्याचा प्रवर्ग जाहीर असतो, जात प्रमाणपत्र जोडावंच लागतं. आपल्या जिल्ह्यात पंधरापैकी देवळाली अनुसूचित जातींसाठी, आणि कळवण, बागलाण, दिंडोरी, इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी. तिथल्यांचा प्रवर्ग बेधडक लिहा. बाकीच्यांपैकी ज्यांनी स्वतः भाषणात, आत्मचरित्रात, सभागृहाच्या परिचयग्रंथात सांगितलंय त्यांचं लिहा, कुठे सांगितलं ते टिपून. उरलेल्यांपुढे "नोंद नाही". निरंक नव्हे हं, निरंक म्हणजे नाहीच.

पायवाट

हे पटतंय. पण मग वरच्या जातींच्या रकान्यातच "नोंद नाही" सगळ्यात जास्त येईल, हेही भाचीने प्रबंधात लिहावं.

मिरचीभजी

प्रतिसाद काढून टाकला आहे. (जातीवर विनोद केला होता. बायकोने वाचला.)

राइनकाठ

फ्रान्स राहिला. पोटमाळाताईंच्या कारखान्याला तिकडे जोड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५मध्ये द गॉल यांनी ईएनए ही प्रशासकीय शाळा काढली ती वशिलेबाजी मोडायला. स्पर्धा परीक्षा देऊन कोणीही यावं. पुढे जिस्कार, शिराक, ओलांद, माक्रों असे चार राष्ट्राध्यक्ष तिथूनच आले. १९८०च्या एकाच तुकडीत ओलांद, सेगोलेन रॉयाल आणि नंतरचे पंतप्रधान द विलपां. शेवटी माक्रोंनीच ती बंद करून २०२२पासून दुसरी संस्था आणली. उलट टोकाला बेरेगोव्हा: स्थलांतरिताचा मुलगा, सोळाव्या वर्षी शाळा सोडून फिटरकाम, १९९२मध्ये पंतप्रधान.

तक्त्यात एवढं जपा की ईएनए ही पहिली पदवी नाही. बहुतेक जण आधी दुसरीकडे शिकून तिथे जातात. एकच विद्यापीठ लिहायचा रकाना असेल तर अर्धा फ्रान्स गळेल.

गोदाकाठची

काय सांगू, भाची कालपासून हे पानच सोडत नाहीये. तिच्याशी बोलून तक्ता नव्याने आखला. पदवी एकाच रकान्यात न ठेवता प्रत्येक संस्था आणि वर्ष वेगळं. दहाव्या आणि पंधराव्या वर्षीची शाळा, ती कोणाच्या खर्चाने चालायची, मंत्री स्वतः तिथे कशाच्या जोरावर गेला: फी, शिष्यवृत्ती, बोर्डिंग. आई-वडिलांचा व्यवसाय, आणि तो मंत्र्याने सांगितलेला की दुसऱ्या कागदावरून कळलेला, हेही. राजकारणाआधीचं पहिलं काम. घरात आधी कोणी निवडून आलेलं होतं का. प्रवर्ग निरंककाकांच्या पद्धतीने. पदवीचा रकाना मी शेवटी ढकललाय, कारण तो भरायला सगळ्यात सोपा आणि सांगतो सगळ्यात कमी.

देश सहाच: भारत, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, जपान, ब्राझील. ब्राझील लुलांमुळे, शाळा लहानपणी सुटलेला लेथ कामगार राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मंत्री कोणाला करतो ते बघायचंय. सगळ्यांसाठी एकच तारीख, १ जुलै २०२४. हूगव्हही जुलैच धरतं, म्हणून. जुन्या भारतीय मंत्र्यांसाठी सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रं चाळायची माझी तयारी आहे. जपानी आणि पोर्तुगीज वाचणारं कोणी आहे का?

ओसाकारिटर्न

जपानी वाचतो. शिक्षणाची माहिती तिथे सहज मिळते, खासदारांच्या अधिकृत परिचयात असते. खरी गोष्ट घराण्याची आहे. वडिलांचा मतदारसंघ आणि समर्थकांची संघटना, तिला कोएनकाई म्हणतात, मुलाकडे वारसाहक्कासारखी जाते. माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचे आजोबा पंतप्रधान, वडील परराष्ट्रमंत्री. त्यांचं विद्यापीठ सेइकेई, टोकियो विद्यापीठाच्या तुलनेत साधंच, आणि काही अडलं नाही. याच देशात १९७२मध्ये विद्यापीठाचं तोंड न पाहिलेले काकुएई तानाका पंतप्रधान झाले. "घरात आधी कोणी" या रकान्यात हो-नाही नको, नातं आणि मतदारसंघ लिहा, तोच आहे की दुसरा. यादी पाठवा, मी भरून देतो.

पोटमाळा

ताई, तारीख! १ जुलै २०२४ला इथे सुनक होते: विंचेस्टर शाळा, ऑक्सफर्ड, स्टॅनफर्ड. मतदान ४ तारखेला झालं, पाचला स्टार्मर आले. चार दिवसांत सगळं कॅबिनेट खासगी शाळांतून सरकारी शाळांत गेलं. तुमचा ब्रिटन कुठला, हे तारखेवर ठरेल.

सातपूरकर

ब्रिटनचे दोन्ही घ्या, १ जुलै आणि १ ऑगस्ट. भारताला अडचण नाही, आपला शपथविधी ९ जूनलाच झाला होता.

गोदाकाठची

दोन्ही घेते. ओसाकारिटर्न, व्यक्तिगत निरोप बघा, यादी पाठवली आहे. पोर्तुगीजवाल्यांची वाट बघतेय.